हळदीची बोटं

“भेग तुम्हाला पूजेच्या दिवशी दिसली होती?” लवादापुढं कंत्राटदाराच्या वकिलानं विचारलं.

गुणाजीनं आपल्या वकिलाकडं, कमलाकांत कोठाऱ्यांकडं पाहिलं. विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं, असं त्यांनीच सकाळी बजावलं होतं.

“दिसली होती. गॅलरीच्या मुळाकच. भटजी येवच्या आधी मालनीन तिच्यार हळदीची बोटां ओढल्यान. शुभकार्यात फुटका दिसता नये म्हणान.”

कोठाऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

काळाचौकीत गिरणी कामगारांनी मिळून बांधून घेतलेली ती इमारत. इंजिनियरनं तपासल्यावर ताबा घ्यायचा होता. पण अक्षय्य तृतीया हातची जाऊ नये म्हणून बिऱ्हाडं आधीच वास्तुपूजा घालून राहायला आली. दिवाळीनंतर खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. तो बघायला गुणाजीची बायको मालन आणि शेजारच्या दोघी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या राहिल्या. गॅलरी सुटली. शेजारणी जायबंदी झाल्या, मालन गेली. मोर्चा बघायला बायकांनी गर्दी केली म्हणून गॅलरी पडली, असं कंत्राटदार म्हणत होता. चूक त्याची होती, एवढं लवादानं म्हणावं. गुणाजीला दुसरं काही नको होतं.

वकिलानं एक जाडजूड ग्रंथ उघडला. “कोठारेसाहेबांचाच आहे. ‘दिसणाऱ्या दोषासह जो घरात राहायला जातो, त्यानं ते काम पत्करलं असं धरावं.’”

तरुणपणी जर्मनीत जाऊन बांधकामाचा कायदा शिकून आलेल्या कोठाऱ्यांना गिरगावात ‘जर्मन वकील’ म्हणत. बाकीचे वकील आधी करारनामा वाचत. हे आधी जाऊन काठीच्या मुठीनं भिंत वाजवत. ते वाक्य लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर एक लबाड घरमालक होता. नव्या घरात पाय पसरून राहायचा आणि पोपडे दाखवून गवंड्याला मजुरीसाठी झुलवायचा.

“भेग दिसली,” कोठारे उठून म्हणाले, “पण आतली गंजकी सळई या माणसाला कशी दिसणार?”

“मग तसं पुस्तकात का नाही लिहिलंत?” लवादानं विचारलं. आवाजात कुचेष्टा नव्हती.

निकाल त्याच दुपारी झाला, कंत्राटदाराच्या बाजूनं.

“साहेबानू, तो मेलो तुमचाच पुस्तक वाचीत होतो?” बाहेर गुणाजीनं विचारलं.

“माझंच.”

“खोटा लिवलास काय?”

“खोटं नाही. अपुरं.”

“म्हणजे चूक मालनीची झाली.”

“कायदा तसं म्हणत नाही, गुणाजी.”

“लोक म्हणतले.”

कोठारे त्याच्याबरोबर काळाचौकीला गेले. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गुणाजीनं गॅलरीचं दार उघडलं. पलीकडे दोन फळ्या आडव्या ठोकल्या होत्या. खाली उंबऱ्याला लागून वीतभर काँक्रीट उरलं होतं, आणि त्यावर मधेच तुटलेली पिवळी बोटं.

“पावसात धुवान गेली होती,” गुणाजी म्हणाला. “दिवाळीक तिणा परत ओढल्यान.”

सवयीनं कोठाऱ्यांची काठी भिंतीकडं उचलली गेली आणि तिथंच थांबली.

“वाजवा, साहेबानू. आता पडाक काय उरला नाय.”

कोठारे मागं वळले. घराच्या दाराबाहेर काढलेल्या बुटांशेजारी त्यांनी काठी टेकवून ठेवली आणि आत येऊन जमिनीवर बसले.