कानाखालचा ओरखडा

आमच्या बोलोन्या शहरात खुनी किंवा गद्दार पळून गेला, तर नगरसभा चित्रकाराला बोलावते आणि चौकातल्या भिंतीवर त्याला एका पायाने उलटा टांगलेला रंगवून घेते. मग त्या घरात कुणी मुलगी देत नाही. माझ्या वडिलांनी असे पुष्कळ रंगवले. माझ्या वाट्याला एकच आला, पण मी त्याच्यावर सगळा जीव ओतला.

तादेओ माझा होणारा नवरा. तो रेशीमवाल्यांचा धाकटा, मी चित्रकाराची विधवा मुलगी. त्याचा थोरला भाऊ ओराझिओ माझं नाव निघालं की थुंकायचा. लग्नाआधी मला त्याचं चित्र काढायचं होतं.

"ही दाढी काढ बघू," मी म्हटलं. "मला तुझी हनुवटी बघायचीय."

"तूच काढ. न्हावी गप्पा फार मारतो."

मिसरूड फुटल्यापासून त्याला बिनदाढीचा कुणी पाहिला नव्हता. मी वस्तरा चालवला, तो मला हसवत राहिला, आणि कानाखाली ओरखडा उठला. त्यावर मी ओठ टेकले. उजेड असतानाच तो माझ्या दारातून गेला. परत कुणालाच दिसला नाही.

रेनो नदीच्या काठी नुसता घोडा सापडला. दरोडेखोरांचं काम, असं म्हणून लोक मोकळे झाले. "मी महिनाभर तिकडे फेरारा शहरात होतो हो," ओराझिओ ऊर बडवून सांगायचा. "भावाचं शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नाही." यानेच त्याचा घात केला असं माझं मन ओरडून सांगत होतं. पण विधवेच्या मनातलं कोणता न्यायाधीश ऐकतो? मी दात आवळून थांबले.

वर्षाने त्याने मलाच बोलावलं. घराण्याच्या चर्चमध्ये तादेओचं चित्र हवं होतं, आणि रिवाजाप्रमाणे कोपऱ्यात, चित्राचे पैसे देणारा म्हणून, हात जोडून बसलेला तो स्वतः. हे माझ्याकडून काढून घेण्यात त्याला मजा वाटत असावी.

चित्रात एक चूक मुद्दाम ठेवावी, असं वडील शिकवायचे. गिऱ्हाईक ती दाखवून खूश होतं आणि बाकीच्यात नाक खुपसत नाही. मी तादेओ बिनदाढीचा काढला आणि ओरखडा ओठाखाली ठेवला.

ओराझिओबरोबर त्याची म्हातारी आत्याही चित्र बघायला आली.

"अगं बाई, हा कोण?" आत्या म्हणाली. "आमच्या तादेओला दाढी होती."

"तोच आहे गं आत्या." ओराझिओ वाकून बघत होता. "फक्त ओरखडा चुकलाय, बाई. तो कानाखाली होता."

"बरं झालं सांगितलंत, शेठ. लगेच नीट करते."

मी कुंचला उचलला. आत्या मात्र चित्र सोडून भाच्याकडेच बघत राहिली.

मृतांच्या सणाला चर्च भरलं होतं. पडदा ओढला. मधोमध तादेओ, ओरखडा कानाखाली. आणि कोपऱ्यात मी रातोरात बदललेला ओराझिओ, अंगात रेशमी झगा, एका पायाने उलटा टांगलेला.

"ही बाई वेडी झालीय," तो म्हणाला.

"दाढी मी काढली," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "माझ्या खोलीत, आम्ही दोघंच होतो. ओरखडा माझ्या हातचा, तो नाहीसा झाला त्याच दिवशीचा. तेव्हा हे शेठ फेरारात होते ना? मग तो कानाखाली होता हे यांना कुठून कळलं?"

पुढच्या बायकांनी झगे सावरून माझ्यापासून दूर घेतले. परपुरुष खोलीत घेणारीकडे बोलोन्यातली कुठलीच आई आपल्या मुलीला चित्रासाठी पाठवणार नव्हती. हे मला तोंड उघडायच्या आधीच माहीत होतं.

आत्या काठी टेकत उठली. "माझ्यासमोर बोललास तू," ती भाच्याला म्हणाली. "कुठं टाकलंस रे माझ्या पोराला?"

 गर्दी पुढे सरकली तसा ओराझिओ बाजूच्या दाराने पळाला आणि घोड्यावर बसून शहराबाहेर गेला.

आता मला चित्रासाठी कुणी बोलावत नाही. नगरसभेने मात्र बोलावलं. चौकातल्या भिंतीवर मी ओराझिओला पुन्हा उलटा टांगला, आणि या वेळी एकही चूक ठेवली नाही. रंग वाळल्यावर शिडीवरून खाली उतरले आणि सगळ्यात आधी मी थुंकले.