उजव्या वळणावरचा क्लच

गाडीचं पायडल चिकटतं, की शेषरावांचा पायच उचलत नाही, यावरून अकोल्याजवळ शिवणीला विमानांच्या धावपट्टीवर शनिवारी सकाळी दोन तट पडले. खरं सांगायचं तर पहिल्या तटात एकटे शेषरावच होते.

शेषराव दर्यापूरकडचे जमीनदार, अकोल्यात त्यांची कापसाची जिनिंग. तरुणपणी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, त्यांची जोडी पहिली येई. एका पटात छकड्यावरून पडले, डावा घोटा मोडला आणि वाकडाच जुळला. बैल सुटले, पण वेगाची हौस काही सुटली नाही. देश सोडून जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाची दोन माणसांची, बिनटपाची लाल मोटार त्यांनी घेतली. १९६१च्या फेब्रुवारीत नागपूरच्या काही मोटारवेड्या मंडळींनी शिवणीच्या धावपट्टीवर शर्यत ठरवली, तेव्हा पहिलं नाव शेषरावांचं लागलं. रविवारी शर्यत, शनिवारी सराव.

सरावात तिसऱ्या फेरीला उजव्या वळणावर त्यांनी क्लच दाबला तो वर आलाच नाही. गाडी मोकळीच घरंगळत वळणाच्या खुणेला ठेवलेल्या पिंपाला घासून गवतात गेली. पुढच्या फेऱ्यांत तेच पुन्हा दोनदा झालं.

मुंबईहून दुसऱ्या एका गाडीबरोबर आलेल्या मिस्त्रीनं उभ्या गाडीत पायडल दहा वेळा दाबलं. दहाही वेळा ते टणकन वर आलं. "क्लचमध्ये दोष नाही," तो म्हणाला आणि शेषरावांच्या घोट्याकडे बघून गप्प झाला. न बोललेलं ते वाक्य शेषरावांचे चुलते नत्थुजीकाकांनी पुरं केलं. "मी म्हनतच होतो. मोडलेला पाय तो. घरी चाल, शेषराव. जिवावर बेतन."

शेषराव सावलीला बसलेल्या देवमनकडे वळले. "देवमन, तुले काय वाटते? खरं सांग."

देवमन जबलपूरला फौजेच्या कारखान्यात नऊ वर्षं राबून आलेला फिटर. आता अकोल्यात टिनाच्या छपरीखाली त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून तो कोणापुढे कंबर वाकवून बोलत नसे. आणि वाकवून बोलायचं नसलं की माणसाला खरं बोलावं लागतं.

"मलेबी पायच वाटला होता, भाऊ," तो म्हणाला. "पन मी अजून पाह्यलं नाई. पाह्यल्याशिवाय बोलनार नाई."

शेषरावांच्या तोंडावरचा रंग उतरला, तरी त्यांनी मान हलवली. "मंग पाह्य तू. संध्याकायपर्यंत नाई सापडलं, तर मी नाव काढून घेतो."

देवमननं गाडी जॅकवर चढवली आणि तो खाली सरकला. पायडलाची खीळ पाहिली, ती तेलात मोकळी फिरत होती. स्प्रिंग काढून ताणून पाहिली, तिच्यात दम होता. पायडलापासून गिअरबॉक्सवरच्या दांडीपर्यंत जाणारी सळई सरळ होती आणि तिच्या टोकाचा दोन फाट्यांचा चिमटाही जागेवर होता. वर गाडीत बसलेल्या शेषरावांना तो "दाबा", "सोडा" म्हणत राहिला. शंभर वेळा दाबलं असेल. चिमटा शंभर वेळा गेला आणि परत आला. पाठीखालचं डांबर तापलं, मानेवर तेल ठिबकलं, पण दोष काही दिसेना.

कोणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं, हेच त्याला टोचत होतं. उभ्या गाडीत दोष नव्हता. मग उरलं काय? पायच.

तो बाहेर निघायला वळला, तेव्हा नजर चेसिसच्या एका पट्टीवर गेली. पट्टी गंजून तांबूस झालेली, पण तिच्या कडेवर नखाएवढी जागा चकाकत होती. ताजी घास. देवमननं बोट लावलं. चिमटा आणि ती कडा यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. उभ्या गाडीत तिथं काहीच पोचत नव्हतं.

म्हणजे चालत्या गाडीत काहीतरी पोचत होतं.

"भाऊ," बाहेर येऊन तो म्हणाला, "बाजूची गादी काढतो, खालची फळीबी काढतो. तुमी गाडी पळवा, मी आत वाकून पाह्यतो."

"फळीशिवाय? खाली डांबर दिसन तुले!"

"तेच तर पाह्याचं हाये."

नत्थुजीकाका मध्ये पडले. "अरे, तुले बायको-लेकरं हायेत का नाई? पंचफुलाले मी काय सांगू?"

"सांगा का कामावर गेला म्हनून," देवमन म्हणाला आणि गादीचे बोल्ट सोडायला लागला.

उघड्या लोखंडी चौकटीवर तो बसला. कमरेला दोर बांधून तो मागच्या दांडीला अडकवला, एक हात चौकटीवर ठेवला आणि डोकं गुडघ्याखाली घातलं. गाडी सुटली. खालून डांबर काळ्या पट्ट्यासारखं सरकायला लागलं, खडे कपाळावर येऊन आदळले, इंजनाची आच डोळ्यांत घुसली. पहिल्या वळणाला काहीच दिसलं नाही, कारण डोळे मिटले होते. स्वतःवरच चिडून त्यानं पुढच्या वळणाला डोळे ताणून उघडे ठेवले. हेही वळण डावं होतं. चिमटा नीट गेला, नीट आला.

मग लांब सरळ पट्टा आला, आणि त्याच्या शेवटी ते उजवं वळण.

शेषरावांचा डावा पाय क्लचवर पडला. त्याच क्षणी देवमनला दिसलं, की सगळं इंजनच, झोपलेला माणूस कूस बदलतो तसं, गिअरबॉक्ससकट डावीकडे कललं. चिमटा पट्टीच्या कडेवर गेला आणि तिच्यामागे अडकून बसला. शेषरावांचा पाय वर आला होता, देवमनच्या डोळ्यांदेखत बूट हवेत होता आणि पायडल खालीच.

"चिकटलं!" शेषराव ओरडले.

"दिसलं! दिसलं मले!" देवमन त्याहून मोठ्यानं ओरडला. गाडी गवतात शिरली, धक्का बसला, इंजन परत जागेवर आलं, चिमटा सुटला आणि पायडल टणकन वर उडालं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, की पाय आत्ता कुठे उचलला.

गाडी थांबल्यावर दोर सोडता सोडता देवमन म्हणाला, "भाऊ, तुमचा पाय साबूत हाये. मी चुकलो होतो."

शेषराव उतरले आणि स्वतःच जॅक घेऊन आले.

जॅक इंजनाखाली लावून उचलल्याबरोबर खरी गोष्ट उघडी पडली. इंजन ज्या दोन रबरांवर बसतं आणि ज्यांना मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात, त्यांतलं उजवं रबर तेल पिऊन मधोमध फाटलं होतं. उभ्या गाडीत इंजनाच्या वजनानं फट मिटून जाई, म्हणून ती दिसत नव्हती. मुंबईच्या मिस्त्रीनं वाकून पाहिलं. "ह्याचं रबर मुंबईतही मिळायला महिना लागेल," तो म्हणाला.

"आपल्याजवळ उद्या सकाळपर्यंत वेळ हाये," देवमन म्हणाला.

गाडी घेऊन दोघं थेट जिनिंगमध्ये गेले. तिथं यंत्र फिरवायचा रबर-कापडाचा जाड पट्टा जुना होऊन पडला होता. देवमननं त्याचे चौकोन कापले, चार-चार थर एकावर एक ठेवून बोल्टनं आवळले आणि दोन्ही फाउंडेशनं नवी केली. मग शेषरावांकडून एक लोखंडी सळई मागून घेतली आणि ती इंजनापासून चेसिसपर्यंत आडवी बसवली, म्हणजे पट्टा दबला तरी इंजनाला कूस बदलता येऊ नये. दिवस मावळायच्या आत गाडी पुन्हा चाकांवर उभी होती. ती आता सुरू केली, की सगळी थरथर बसणाऱ्याच्या दातांपर्यंत जाई.

"दात खिळखिळे होतीन," शेषराव म्हणाले.

"होऊ द्या. पायडल वर आलं पायजे."

रविवारी नऊ गाड्या सुटल्या. देवमन सुरुवातीच्या रेषेवर थांबला नाही. पायी चालत त्या उजव्या वळणावर जाऊन पिंपांमागे उभा राहिला. बारा फेऱ्या होत्या. प्रत्येक फेरीला लाल गाडी आली, की तो इतर काही बघत नसे, नुसतं ऐकत असे. गिअर उतरला, क्षणभर आवाज मोकळा झाला आणि लगेच इंजनानं चाकं पकडली. पाचव्या फेरीला ती पकड किंचित उशिरा आली आणि देवमन पिंपांवरून पुढे वाकला. पण पुढे एक गाडी आडवी झाली होती, म्हणून शेषरावांनी जरा थांबून क्लच सोडला होता. बाराव्या फेरीलाही पायडल वर आलं.

शेषराव चौथे आले. पहिल्या तिघांच्या गाड्या नव्या आणि मोठ्या होत्या. नत्थुजीकाकांनी पुतण्याला खाली उतरवून घेतलं, त्याचा डावा पाय बुटासकट दोन्ही हातांत धरला आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "मी उगाच बोललो."

माणसं पांगल्यावर शेषरावांनी किल्ली देवमनपुढे धरली.

"तू फौजेच्या कारखान्यात ट्रकबी चालवले ना? मंग चाल, एक चक्कर मार."

"मी कावून?"

"अरे, त्या वळणावर तुले नुसतं उलटं बसवलं मी. आता सरळ बसून पाह्य."

देवमन बसला. गाडी आधी एकदा आचका देऊन बंद पडली. मुंबईचा मिस्त्री लांबून हसला आणि देवमनही हसला. मग ती नीट निघाली. सरळ पट्ट्यावर वारा शर्टात भरला. उजवं वळण आलं तसा त्यानं डावा पाय खाली दाबला, गिअर उतरवला आणि पाय सोडला. पायडल त्याच्या तळव्याला चिकटूनच वर आलं.

त्यानं पुन्हा वेग घेतला. शेषरावांनी एकच चक्कर म्हटली होती, पण त्याची दुसरी सुरू झाली तरी कोणी हाक मारली नाही.