आठकोनी आरसा

त्या वर्षी कसबा बावड्यात घरोघरी चिनी वस्तूंचं वेड शिरलं होतं. आमच्या ह्यांनी दारावर आठकोनी आरसा ठोकला. म्हणाले, "ताओ पंथाचे पुजारी मंत्र घालून असा आरसा लावतात. घरावर येणारी पीडा उलट फिरते."

"फिरून कुठे जाते?"

"समोर," ते सहज म्हणाले.

समोर आक्काताईंचं दार. मी आमचं दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माझा गुरुवारचा उपास होता. पूजा आटोपून दार उघडलं, तर आक्काताई टाचा उंचावून आरशाच्या चौकटीला हळदकुंकू लावत होत्या.

"दीप्ती, ह्यो कुठला द्येव गं?"

"चिनी आहे."

"असू दे की! आमच्या ह्यांच्या पायाची सूज उतरू दे म्हणावं." त्यांनी हात जोडले.

माझ्याच्यानं वर बघवेना. "आक्काताई, तो देव नाही. आमच्यावरची पीडा तो तुमच्या दारात टाकतो म्हणे."

त्यांचे जोडलेले हात सुटले. "आनि तुला ठावं हुतं?"

"कालपासून."

त्यांनी पदरानं कुंकू पुसलं, चौकट स्वच्छ होईपर्यंत. मी स्टूल आणायला आत धावले. आरसा काढायला बाहेर आले, तेव्हा त्यांचं दार लागलं होतं.