केळ्याच्या वासाचं प्रॅक्टिकल

वसईच्या त्या कॉलेजात यमुना राऊत मॅडम टीवायच्या मुलांना ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवत. विषयावर जीव इतका, की फळ्यावर बाण काढत इलेक्ट्रॉन इथून निघाला, तिथे पोचला, हे त्या सासरी निघालेल्या लेकीबद्दल सांगावं तशा हळव्या होऊन सांगत. वर्गाला मात्र त्या लेकीचं काहीएक पडलेलं नव्हतं. ॲलिस्टरला तर उघड्या डोळ्यांनी झोपायची विद्या साधली होती.

शेवटी मॅडमनी ठरवलं, डोक्यात शिरत नाही ना, मग नाकातून घालू. त्यांनी प्रॅक्टिकलला एस्टर, म्हणजे फळासारखा वास येणारं रसायन, करायला घेतलं. आयसोअमाइल अल्कोहोल, ॲसिटिक ॲसिड आणि थोडं सल्फ्युरिक एकत्र उकळलं की पिकल्या केळ्याचा वास सुटतो. त्याच दिवशी बाहेरची समिती कॉलेज तपासायला येणार होती. लॅब जरा घमघमलेली बरी, असाही मॅडमचा हिशेब होता.

वास सुटला तसा सगळा वर्ग फ्लास्कभोवती गोळा झाला.

"मॅडम, हे खरं केळं नाय," टिफनी नाक मुरडून म्हणाली. तिच्या घरी केळीची वाडी. "हे गोळीतलं केळं आहे. आमची वेलची केळी याला ओळखपण दाखवणार नाय."

ॲलिस्टर इतका खदखदून हसला की त्याचा कोपर फ्लास्कला लागला आणि सगळं केळं त्याच्या ॲप्रनवर सांडलं.

"जा, गॅलरीत उभा राहा. वास उडू दे," मॅडम वैतागून म्हणाल्या.

गॅलरीच्या छज्ज्याला एक भलंमोठं आग्यामोहोळ लटकत होतं. आजवर कॉलेज त्याच्या वाटेला गेलं नव्हतं आणि ते कॉलेजच्या.

मिनिटभरातच बाहेर बोंब उठली. ॲलिस्टर आत घुसला आणि त्याच्या पाठोपाठ कोटातले एक अनोळखी गृहस्थ. अनुष्कानं दार लावलं, पोरांनी खिडक्या ओढल्या. काचांवर माश्या ताडताड आपटू लागल्या. गृहस्थ तोवर टेबलाखाली पोचले होते.

"मी एकनाथ साठे," टेबलाखालून आवाज आला. "समितीतला. कॉमर्सचा."

मॅडमच्या डोक्यात तेव्हा कुठे लख्ख उजेड पडला. "अरे देवा! माशी डंख मारते तेव्हा वासातून बाकीच्यांना सांगावा धाडते, धावा, शत्रू आला! त्या वासातलं मुख्य रसायन हेच!"

सगळ्या माना ॲलिस्टरकडे वळल्या. त्यानं ॲप्रन असा भिरकावला, जणू त्यातच माशी होती.

"आता हे एस्टर मोडायचं कसं?" मॅडमनी विचारलं. उभ्या वर्षात पहिल्यांदाच त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना हवं होतं.

"पाण्यानं धुवू," टिफनी म्हणाली.

"पाण्यात ते नीट विरघळत नाही."

"ॲसिड आणि पाणी?" ॲलिस्टर म्हणाला. "रिॲक्शन उलटी जाईल ना?"

"जाईल, पण अर्ध्यावरून परत फिरेल."

"कॉस्टिक सोडा!" अनुष्का ओरडली. "ॲसिडचं मीठ होईल!"

"शाब्बास! बर्नर बंद करा आधी. ग्लोव्ह्ज घाला, चष्मे चढवा. आणि थोडं अल्कोहोल घाला, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळतील."

बादलीत ॲप्रन बुडाला. तेवढ्यात टेबलाखालून साठे सरांनी विचारलं, "पण ते मीठ परत का फिरत नाही?"

मॅडम तोंड उघडणार, तोच ॲलिस्टर म्हणाला, "सर, ॲसिड-अल्कोहोलचा घटस्फोट झाला. त्यात ॲसिडनं सोडियमशी दुसरं लग्नपण केलं. आता कशाला येतंय परत?"

मॅडमना हे जरा पोरकट वाटलं, पण चुकीचं म्हणता येईना.

हळूहळू माश्या निवल्या. दार उघडलं तर समोर प्रिन्सिपल श्रीरंग सर. नाक टोमॅटोएवढं.

"मॅडम, काय केलंत हे?"

"एस्टर केलं, सर. मोहोळ माझ्या लक्षात यायला हवं होतं. चुकलं माझं."

"अहो, समितीसमोर—"

"थांबा हो," साठे सर गुडघे झाडत बाहेर आले. "हा मुलगा मला तो घटस्फोट फळ्यावर बाण काढून दाखवणार आहे."

ॲलिस्टरनं फळ्यावर खडू टेकवला. समितीतले उरलेले दोघेही आत आले आणि सुजलेल्या गालांनी स्टुलांवर बसले. एक बाण उलटा गेला, पण त्यानं स्वतःच पुसून सरळ केला. मॅडमना एकदम भरून आलं. कॉस्टिकच्या वाफेनं असेल, असं म्हणत त्यांनी चष्मा पुसला.

पुढे जाणकार माणसांना बोलावून मोहोळ सुखरूप हलवलं. समितीनं काय शेरा दिला, ते श्रीरंग सरांनी कुणाला कळू दिलं नाही. मात्र पुढच्या प्रॅक्टिकलला एकही मुलगा गैरहजर नव्हता. चष्मे चढवून सगळे आधीच टेबलांशी उभे होते.

"मॅडम," टिफनीनं विचारलं, "आज कोण चावणार?"