कातरीचे पाय

त्या शनिवारी, ती काम करायची ती दवाखान्यातली औषधांची खिडकी लवकर बंद झाली, म्हणून लेकीला आणायला ती स्वतःच जलतरण तलावावर गेली. एरवी हे काम तिच्या वडिलांचं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. निवृत्त होईपर्यंत याच तलावावर त्यांनी पोरांना पोहायला शिकवलं होतं. आता त्यांनी नातीला कोचबाईंच्या वर्गात सोडायचं आणि बाकावर बसायचं, एवढंच ठरलं होतं.

कोचबाईंचा वर्ग मधल्या लेनमध्ये चालू होता. लेक त्यात नव्हती. ती अगदी कडेच्या लेनमध्ये पोहत होती, आणि मास्तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावरून तिला सूचना देत होते.

तिने लेकीचे पाय पाहिले आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. हात आळीपाळीने बाहेर येत होते, अंग या कुशीवरून त्या कुशीवर वळत होतं, आणि पाय कात्रीसारखे फाकून मिटत होते. दर वेळी पाय फाकले की पोरगी पाण्यात क्षणभर अडखळायची. घरात याला कातरी म्हणत. तिचं स्वतःचं सगळं लहानपण या कातरीत गेलं होतं.

मास्तर तेव्हा पोरांना पोहण्याची गोष्ट रंगवून सांगायचे. आधी माणसं कुशीवर पोहायची, दोन्ही हात पाण्याखाली. मग कुणाला तरी सुचलं, एक हात बाहेर काढावा, पाणी कमी अडवतं. मग दुसराही बाहेर आला आणि वेग वाढला. पाय मात्र कात्रीचेच राहिले. इथे मास्तरांची गोष्ट संपायची. त्यापुढे जगाने पायही बदलले होते, सरळ ठेवून भराभर वरखाली मारायला सुरुवात केली होती, हे ते सांगत नसत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, ते नुसतं फेस काढणं आहे.

तिला ते पाय शिकायचे होते. पलंगावर पालथं पडून ती गुपचूप सराव करायची. एकदा मास्तरांनी पाहिलं आणि आठवडाभर अबोला धरला. निवड स्पर्धेत ती निम्म्या अंतरापर्यंत पुढे होती. मग शेजारच्या लेनमधली मुलगी सरळ पायांनी सपासप तिला मागे टाकून गेली. तिच्यामागून आणखी तिघी गेल्या. तिने पोहणं सोडलं ते कायमचं. ती शेजारच्या लेनमधली मुलगी म्हणजे आताच्या कोचबाई.

तिने लेकीला कपडे बदलायला पाठवलं आणि वडिलांसमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. वर्गातून कधी काढलंत, एवढंच विचारलं. महिना झाला, असं ते म्हणाले. मग त्यांनी समजवायला घेतलं: कातरीने माणूस दमत नाही, डोकं वर राहतं, नदीत पडला तर हीच उपयोगी. हे सगळं खरं होतं, आणि म्हणूनच तिचा संताप आणखी भडकला.

"मग मला नदीत सोडायचं होतं, बाबा. शर्यतीत का उतरवलंत?"

मास्तर दुमडलेली पँट खाली सोडत बसले. बराच वेळ त्या सुरकुत्याच सारख्या करत राहिले.

"मला ते पाय येत नव्हते," ते म्हणाले. "खूप प्रयत्न केला. जमलेच नाहीत."

"ते चांगले आहेत, हे माहीत होतं?"

"दिसत होतं की."

"मग दुसऱ्या कुणाकडे पाठवायचं मला."

"मास्तरांची मुलगी दुसऱ्याकडे शिकते, असं झालं असतं."

इतकी वर्षं तिला वाटत होतं की त्यांचा कातरीवर जीव आहे. हट्टी माणूस, आपल्या मतावर अडून बसलेला, असं म्हणून तिने कशीबशी मनाची समजूत घातली होती. आता तेही गेलं. समोरच्या माणसाला सगळं कळत होतं आणि त्याने तिला तरीही पाण्यात उतरवलं होतं.

"उद्यापासून हिला मी आणेन," ती म्हणाली. "तुम्ही काठावर यायचं नाही."

लेक घरी जाताना रडली. तिला आजोबांबरोबरच पोहायचं होतं. आईने तिची समजूत काढली नाही, नुसता हात घट्ट धरला.

तिने सकाळची पाळी बदलून घेतली. लेक पुन्हा मधल्या लेनमध्ये गेली आणि काही आठवड्यांत तिचे पाय सरळ झाले. मास्तर येत, पण लांब, जाळीच्या दाराशी बसत. ती त्यांना घरी घेऊन जाई, जेवायला वाढी, औषधाच्या वेळा सांगे. पोहण्याबद्दल चकार शब्द नाही.

मग तिने मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं. कोचबाईंनी काही विचारलं नाही. हातात तरंगती फळी दिली आणि म्हणाल्या, "हात तुझे माझ्यापेक्षा चांगले होते. तेव्हाही सगळ्यांना दिसत होतं."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण तिचे दात करकरले. ती फळी धरून निघाली. चार हात गेली असेल, आणि तिचे गुडघे आपोआप वाकले, पाय फाकले, मिटले. कोचबाईंनी घोटे धरून सरळ केले. सोडले, की पुन्हा तेच.

दाराशी मास्तर उठून उभे राहिले होते. तिने तिकडे पाहिलं नाही. फळी काठावर जोरात आपटली, पाणी तोंडावरून निपटून काढलं, आणि भिंतीला पाय लावून पुन्हा स्वतःला पुढे ढकललं.