बुधवारी मौन पाळणारी घागर

घागर बोलायला लागली की कर्जतकडच्या कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या वडाखाली दोनशे माणसं एकदम गप्प व्हायची. तांब्याची घागर, तोंडाला लाल फडकं, गळ्यात झेंडूचा हार, आणि आतून आवाज यायचा: पिप्-पिप्-पिप्-पिप्, पिप्-पिप्. मग लांब-आखूड पिपाट्यांची नुसती झड लागायची.

"आला! आत्मा आला!" घागरीमागे बसलेले नादबाबा डोळे मिटून म्हणायचे. एक हात छातीवर, दुसरा आसनावरच्या वाघाच्या छापाच्या चादरीखाली. "सूर कसा चढा हाय बगा! आपली मानसं दिसली म्हून हरखलाय." दहा-बारा मिनिटांनी तोच सूर उतरून जाड व्हायचा, की बाबांचाही गळा वेळेवर दाटायचा. "निगाला बिचारा. जड मनानं निगाला. रडून घ्या."

आणि लोक रडायचे. तुम्ही हसाल, पण ज्याचं माणूस गेलंय त्याला यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

पुढच्या रांगेत रोज पळसदरीची मोतीबाई असायची. तिचा थोरला, कान्हा, मागच्या पावसाळ्यात धरणात बुडाला. घागरीतून तोच बोलतो, असं बाबांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. तिथवर ठीक होतं म्हणू. पण पंधरा दिवसांपूर्वी बाबांनी पिपाट्यांचा नवा अर्थ लावला: "कान्हा म्हनतो, पारूला सुया टोचू नका. मी बगतो तिच्याकडं." पारू म्हणजे मोतीबाईची धाकटी, पंधरा वर्षांची. तिला क्षय होता. कर्जतच्या सरकारी दवाखान्यात सुया चालू होत्या, गुण येत होता. मोतीबाईनं त्या अर्ध्यावर बंद केल्या.

हे सगळं भिवाजीला कळलं ते कुंपणावरून. भिवाजी म्हणजे मोतीबाईचा शेजारी, कर्जत स्टेशनात तीस वर्षं तारबाबू म्हणून राबून पेन्शनीत निघालेला. बायको, सुंदरा, जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घर खायला उठायचं. मग त्यानं परीक्षा देऊन हौशी रेडिओचा सरकारी परवाना काढला, आणि तारेची कटकट, म्हणजे ठोक्यांची मोर्स लिपी, येत होतीच, तिच्यावर पुढचा संसार मांडला. कौलांवर बांबू उभारला, त्यावर पडद्याच्या अल्युमिनियमच्या नळ्या कापून अँटेना चढवला. गाव त्याला 'मासळीचा काटा' म्हणायचं.

हा काटा कशासाठी? तर देशोदेशीच्या अशाच हौशी लोकांनी मिळून बिस्किटांच्या डब्याएवढा एक उपग्रह आभाळात सोडला होता. तो दिवसातून चार-पाचदा आपल्यावरून जायचा. फार तर पाव तास, आणि तेवढा वेळ स्वतःच्याही पिपाट्या वाजवत. तेवढ्यात भिवाजी डाव्या हातानं बांबू फिरवत काटा त्याच्या मागं मागं न्यायचा आणि उजव्या हातानं तारेची किल्ली ठोकायचा. त्याचे ठोके वर जायचे, उपग्रह ते झेलून खाली फेकायचा, आणि कुठून तरी जपानातून, ताश्कंदातून उत्तर यायचं. नाव, गाव, हवा कशी आहे. संपलं. त्यांतला कुणी जेवलास का, असं विचारायचा नाही. तरी भिवाजीचा दिवस त्यावर निघायचा.

"रोजची येळ निराळी असते बाबाची," मोतीबाई सांगत होती. "आज साडेनवाला, उद्या आनी कवा. पन बुधवारी घागर बोलत नाय. बुधवारी मौन असतं तिचं."

भिवाजीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बुधवार! उपग्रह सांभाळणाऱ्यांनी बुधवार तपासणीसाठी राखून ठेवला होता. त्या दिवशी त्याचा हा आवाज बंद असायचा आणि हौशी माणसंही किल्लीला हात लावायची नाहीत. हा रिवाज सबंध जगात मूठभर लोकांना ठाऊक. घाटाखालच्या या मुलखात फक्त दोघांना: एक भिवाजी आणि दुसरा पदू.

पदू खालापूरचा, रेडिओ दुरुस्त करणारा. आदल्या पावसाळ्यात चार महिने तो रोज संध्याकाळी यायचा. शिकायचा, हसवायचा, बोंबलाचं कालवण रांधायचा. भिवाजीनं हातचं काही राखलं नाही. उपग्रह कधी येतो-जातो त्याचा हिशेब शिकवला, आपला जुना सेट देऊन टाकला. आणि एके दिवशी पदू यायचा बंद झाला. भिवाजी कितीतरी दिवस दोन कप चहा टाकत राहिला, आणि दुसरा ओतून देत राहिला.

दुसऱ्या दिवशी भिवाजी वडाखाली गेला. दाढी होती, राख होती. पण छातीवरच्या हाताच्या अंगठ्याला रेडिओच्या तारा डाग देऊन जोडताना भाजलेली जागा होती. पदूच. गर्दी पांगल्यावर भिवाजी पुढं झाला.

"पदू."

बाबांनी एक डोळा उघडला. "मास्तर! तब्येत बरी हाय ना?"

खरं सांगायचं तर भिवाजीला आधी आनंद झाला. राग मागाहून आला. "त्या पोरीच्या सुया बंद केल्यास तू, लाज नाही वाटत?"

"लोकांला सुया नको असत्यात, मास्तर. मी त्यांच्या मनातलं बोलतो." पदू जवळ सरकला. "अवो, तुमी तरी दुसरं काय करता? घरात मानूस नाय म्हून आभाळाशी बोलता. ही बी तेच करत्यात. गप ऱ्हावा. मी परत येत जाईन की सांजचा, पयल्यासारका."

आणि आमचा हा शहाणा माणूस गप्प राहिला! चार दिवस. त्यांतल्या दोन संध्याकाळी पदू खरंच आला, मागल्या दारानं. कालवण झालं, हसणं झालं, घरात माणसाचा आवाज घुमला. पाचव्या दिवशी सकाळी मोतीबाई दगडावर पारूची ओढणी धूत बसली होती, आणि पाणी लाल होत होतं. भिवाजीला स्वतःचीच किळस आली.

तो तसाच कुंपणापाशी गेला. "मोतीबाई, उद्या घागरीतून कान्हानं किती हाका द्यायच्या ते तू ठरव. मला सांगू नको, बाबालाही नको. तुझ्या दिराला तिकडं मोजायला बसव, आणि तू माझ्या घरी ये."

"माज्या पोराचा आवाज तुमच्या डब्यातून काडता का, दादा?" ती उसळली.

"निघाला नाही तर तो मासळीचा काटा मी तुझ्यासमोर मोडतो. पुन्हा किल्लीला हात लावणार नाही."

त्या काट्यावाचून त्याला काय उरलं असतं ते मोतीबाईला ठाऊक होतं. ती आली. तिचा दीर मोरू सायकल घेऊन वडाखाली गेला.

पावणेदहाला सेटमधून पिपाट्या सुरू झाल्या. भिवाजीनं बांबू फिरवला, आवाजाच्या शेजारी आपला सूर आणून बसवला, म्हणजे जिथं त्या पिपाट्या ऐकू येतात तिथं हाही जावा, आणि तिचं बोट किल्लीवर ठेवलं. "दाब. लांब दाब. मग सोड."

तिनं दाबलं. सेटमधून लांब सूर निघाला. सोडलं, थांबला. परत दाबलं, परत निघाला. आभाळातून तिचंच बोट तिला ऐकू येत होतं. ती दाबत राहिली. बाविसाव्या खेपेला बोट उचललं आणि हात पदरात लपवला. "बावीस वर्सांचा व्हता," ती म्हणाली.

अर्ध्या तासानं मोरू धापा टाकत आला. "बावीस! वयनी, लांब लांब बावीस! बाबाला घाम फुटला व्हता. म्हनतो, कान्हाला बावीस नारळांचं तोरन पायजे!"

मोतीबाई उठली. चप्पल न घालता चालू लागली. मागं भिवाजी, मोरू, वाटेत जमेल तो.

बाबांना पळता आलं नव्हतं, कारण बायका पाया पडायला रांगेनं उभ्या होत्या. मोतीबाईनं सरळ चादर ओढली. खाली ट्रकची बॅटरी, तिच्याशेजारी सेट. एक तार हारातून घागरीत, दुसरी वडावरच्या भगव्या निशाणात. घागरीत स्पीकर.

"हा सेट माझा आहे," भिवाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मीच दिलाय. वरून एक यंत्र जातं, ते स्वतःच्या बॅटरीचा आणि तापमानाचा हाल ठोक्यांनी कळवतं. हा तेवढंच ऐकवतो. सूर चढतो-उतरतो म्हणता? घाटातून येणाऱ्या इंजिनाची शिट्टी जवळ येताना बारीक लागते, पुढं गेली की जाड. इंजिन काय रडतं का?"

"तुमीच शिकवलंत, मास्तर," पदू पुटपुटला.

"शिकवलं, ते चुकलं नाही. चार दिवस गप्प बसलो, ते चुकलं. त्याची माफी मी पारूच्या आईकडं मागतो. तू चालता हो."

लोकांनी वाट दिली. पदू गेला, आणि भिवाजीच्या घरी येणारा एकुलता एक माणूसही गेला.

मोतीबाई घागरीपाशी बसून राहिली होती. "दादा, मंग माजा कान्हा कुटं हाय?"

काहीतरी गोड सांगणं सोपं होतं. भिवाजीच्या ओठावर आलंही होतं. "मला ठाऊक नाही, मोतीबाई. मी सहा वर्षं वर कान लावून बसलोय. सुंदराचाही आवाज आला नाही. गेलेल्यांचा येत नाही." तो तिच्याशेजारी बसला. "पण पारू कुठं आहे ते ठाऊक आहे. घरात आहे, आणि खोकते आहे."

त्याच दुपारी पारूला कर्जतला नेलं. सुया पहिल्यापासून सुरू कराव्या लागल्या. डॉक्टर मोतीबाईला पुष्कळ बोलले, तिनं ऐकून घेतलं.

तर लोकहो, तुमच्याकडे एखादी घागर बोलायला लागली, तर हात जोडण्याआधी तिच्यात हात घाला. तार कुठं जाते ते बघा. आणि दुःख फार झालं असेल तर शेजाऱ्याकडे जाऊन बसा. तोही बहुधा एकटाच असतो.