न मोजलेले वीस

वँजीने फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या इस्पितळात बावीस वर्षं नर्सचं काम केलं, शेवटची नऊ हेड नर्स म्हणून. मग इस्पितळ चालवणाऱ्या कंपनीतल्या बड्या लोकांना वाटलं, धोरण ठरवणाऱ्या विभागात वॉर्ड पाहिलेलं एखादं माणूस असावं. तिला मनिलाला आणून चौदाव्या मजल्यावर बसवलं. आता तिने वॉर्डबद्दल तोंड उघडलं की सगळे घड्याळाकडे बघायचे.

या आठवड्यात इलोइलोजवळच्या बेटावरच्या डायलिसिस केंद्राचा विषय होता. निम्म्या खुर्च्या रिकाम्या, म्हणून बंद करायचं. पेशंट एकतीस, बरेचसे आसपासच्या छोट्या बेटांवरून बोटीने येणारे.

"सर मिगी, शेवटची बोट तीनला सुटते, म्हणून दुपारच्या खुर्च्या रिकाम्या असतात," वँजी चौथ्यांदा सांगत होती. "चार तास मशीनला लावलेला माणूस पोहत घरी जाणार का? बोटवाल्याशी बोला, खुर्च्या आपोआप भरतील."

मिगी तिचा साहेब. तिशीचा, परदेशात शिकलेला, स्वभावाने गोड, तिला 'अते' म्हणजे ताई म्हणणारा. त्या गोडपणानेच तिचं डोकं जास्त फिरायचं.

"अते, गोष्ट झकास आहे," पान्सितच्या शेवया गुंडाळत तो म्हणाला. "पण मला आकडा लागतो. बंद केलं तर किती टक्के सोडून जातील?"

"सहा जणांना फोन केला. चौघं म्हणाले, शहरापर्यंत आठवड्यातून तीनदा नाही जमणार, उपचारच सोडू."

"सहा म्हणजे काहीच नाही हो."

"मग दोन दिवस द्या, सगळ्यांना विचारते."

"मीटिंग दोन वाजता आहे, अते."

मीटिंगमध्ये अध्यक्ष मॅम तेरेसिता थेट तिच्याकडे वळल्या. "तुम्ही तिकडच्या. किती जातील?"

सगळ्यांची पेनं कागदावर टेकली.

"वीस टक्के," ती बोलून गेली.

आकडा कुठून आला हे तिला तत्क्षणी कळलं. आळशी नर्स पेशंटचे श्वास मोजत नाही, तक्त्यावर सरसकट वीस लिहून टाकते. रोवेना नावाच्या नव्या पोरीला वँजीने याच वीसवर पकडलं होतं. हातात घड्याळ देऊन खाटेजवळ पूर्ण मिनिटभर उभं केलं होतं. मोजलं नसेल तर जागा रिकामी सोड, असं खडसावलं होतं.

"वीसच?" मॅम तेरेसितांचा चेहरा खुलला. "म्हणजे पंचवीस जण आपल्याकडेच राहतात. करा बंद."

"मॅम, थांबा, तो आकडा मी..."

"फार मदत झाली, वँजी." पुढचा विषय निघालासुद्धा.

लिफ्टपाशी मिगी म्हणाला, "बघा, आज किती नेमकं बोललात. जमायला लागलं तुम्हाला." वँजीला त्याच्या नाही, स्वतःच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली.

संध्याकाळी रोवेनाचा फोन आला. बेटावरचं केंद्र आता तीच सांभाळत होती.

"मॅम, बंदची चिठ्ठी आली. किती जण सोडून जातील, असं तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"वीस टक्के."



"मोजलं होतं का, मॅम?" रोवेनाने विचारलं.